मुदतवाढीच्या वर्षात देश सोडू नये

रॉचेस्टरच्या बाहेर, न्यूयॉर्क राज्य
ऑगस्टचा दुसरा रविवार

तीर्थरूप रादोयका आत्या हिच्या चरणी,

तिच्या एकुलत्या एका भाचीचा कमरेपर्यंत वाकून नमस्कार. (त्याहून खाली वाकता येत नाही. पाठीवर साडेतीन वर्षांचा बोडी घोडा-घोडा खेळत बसलाय आणि उतरायचं नाव घेत नाही.)

मी इकडे खुशाल आहे, म्हणजे हातीपायी धड आहे. तुझा उजवा गुडघा काय म्हणतो? कोबीची पानं बांधतेस की ती आतोबांनी खिमा भरून सारमा करायला पळवली? वीदोये आतोबांचा रक्तदाब कसा आहे? समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवून मध्ये बसत नाहीत ना? इकडे या लोकांनी छतालाच भोकं पाडून ठेवलीत. उन्हाळाभर त्यातून यंत्राचा गार वारा येतो, ओल्या केसांची अनवाणी पोरं त्याच्या खाली बसून जेवतात, आणि एकाचीही मान आखडत नाही की मूत्रपिंड बिघडत नाही. हे मी आईला अजून कळवलेलं नाही. पंचवीस वर्षं ती माझ्या मागे बनियन घेऊन धावली, आता या वयात तिला धक्का कशाला द्या.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, समन्सच ते. एकतीस वर्षं आरिल्येच्या पोस्टात काउंटरमागे काढल्यामुळे तुझ्या मायेलाही 'फॉर्म पूर्ण भरा, मग बोला' असा सूर आहे. तू लिहितेस की अकरा ऑक्टोबरला मिलूनचं लग्न आहे. चार पिढ्या आपलं घर त्यांच्या घराचं कूम आहे. माझे पणजोबा त्याच्या पणजोबांच्या लग्नात मेणबत्ती धरून उभे राहिले, आजोबा आजोबांच्या, बाबा त्याच्या वडिलांच्या, आणि मिलूनला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर काढलं तेही बाबांनीच. बाबा गेले, मला भाऊ नाही, तेव्हा मेणबत्ती आता माझ्या हातात. कूम म्हणजे देवासमोर जोडलेलं सख्खं नातं, काही शर्टाचं बटण नव्हे, तुटलं की दुसरं लावलं, हे तू मला लिहून कळवतेस. (जसं काही मी ते आईच्या दुधाबरोबर प्यालेले नाही.) आणि शेवटी हुकूम: 'तिकीट काढ, त्या लोकांना सांग घरात कार्य आहे, आणि ये. बघते कोण अडवतो.' तर आत्या, कोण अडवतो तेच आज सविस्तर लिहायला बसलेय. बूड टेकवून, कॉफी घेऊन वाच.

मी इथे ओ-पेअर आहे हे तुला ठाऊकच आहे, म्हणजे परक्यांची पोरं सांभाळायची, त्यांच्याच घरात राहायचं, आणि या सगळ्याला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणायचं. (मी त्यांना चीज भरून पापुद्र्यांची पिठा भाजायला शिकवलं. त्यांनी मला भांडी धुण्याच्या यंत्रात चमचे कुठल्या दिशेला तोंड करून ठेवायचे ते शिकवलं. झाली देवाणघेवाण.) माझ्या पासपोर्टातला व्हिसा होता एक वर्षाचा. तो गेला. कार्यक्रम आणखी एक वर्ष वाढवून मिळाला, त्याचा मला कागद मिळाला, पण व्हिसा काही वाढला नाही. आता तू विचारशील हे कसं. व्हिसा म्हणजे दार वाजवायची परवानगी, आणि कागद म्हणजे आत बसायची. माझ्याकडे बसायची आहे, वाजवायची नाही. म्हणजे मी आत राहू शकते, जेवू शकते, दुसऱ्यांची पोरं पुसू शकते, पण एकदा उंबरा ओलांडला की परत आत यायला बेलग्रेडला जाऊन, तारीख घेऊन, काचेमागच्या माणसाला पटवून नवा व्हिसा काढायचा. त्याने मान हलवली तर माझी सुटकेस, माझे हिवाळी बूट आणि बोडी इकडे, आणि मी तिकडे. आपल्या संस्कृती केंद्रातल्या सिनेमासारखं आहे. मध्यंतरात सूर्यफुलाच्या बिया आणायला बाहेर गेलीस, की दारावरचा माणूस तुला ओळखत नाही.

बरं, 'जाऊ नकोस' असं कुणी सरळ म्हणेल तर शपथ. आपल्याकडे बाई काचेमागून 'नाही' म्हणते, खिडकी लावते आणि सँडविच खायला जाते. माणसाला कळतं तरी आपण कुठे उभे आहोत. इथे डार्लीन आहे. डार्लीन म्हणजे मला इथे आणणाऱ्या एजन्सीची आमच्या भागातली बाई. महिन्यातून एकदा सगळ्या ओ-पेअर मुलींना गोळा करून भोपळ्याच्या शेतात नाही तर बोलिंगला नेते आणि आम्ही आनंदात आहोत ना ते तपासते. गेल्या ऑक्टोबरात तिने सगळ्यांना प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद वाटला: मुदतवाढीच्या वर्षातले परदेश प्रवासाचे नियम. ठळक अक्षरात मथळा, शेजारी विमानाचं हसरं चित्र, आणि खाली लिहिलेलं की मुदतवाढीच्या वर्षात देशाबाहेर प्रवास करण्याची 'शिफारस केली जात नाही'. ब्राझीलची जुसारा म्हणून माझी मैत्रीण आहे, तिने विचारलं, म्हणजे बंदी आहे का? डार्लीन म्हणाली, छे छे, बंदी कुठली, तुम्ही स्वतंत्र आहात. मग जाता येईल? तर म्हणे, जाता नक्की येईल, येता येईल असं मी म्हणू शकत नाही. मग सही? कागदाच्या मागे प्रवासाची सही लागते, ती मी मिळवून देईन, पण सही म्हणजे व्हिसा नव्हे. मग सही कशाला? सही असल्याशिवाय जाऊच नका. एवढं बोलून तिने आम्हाला भोपळे रंगवायला बसवलं. शेंडा ना बुडखा. माझ्या भोपळ्याला मी डार्लीनचे डोळे काढले आणि तिला तो इतका आवडला की घरी घेऊन गेली.

आता या घरचे लोक. बाई कोरिन, रुग्णालयात नर्स, स्वभावाने बरी, फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'तुला कसं वाटतंय?' विचारते. तिचा नवरा वेन्डेल गॅरेजची दारं विकतो आणि उरलेल्या वेळात जगाला सल्ला देतो. हा उंटावरचा शहाणा म्हणतो की नियम फक्त विचारणाऱ्यांसाठी असतात, विचारूच नये, सरळ जाऊन यावं. त्याला काय जातंय म्हणायला. त्याच्या पासपोर्टाकडे बघून लोक हसतात, माझ्याकडे बघून चष्मा चढवतात.

मागच्या रविवारी त्याच्या आईचा वाढदिवस होता, बफेलोला. कोरिनला ड्यूटी होती, तेव्हा वेन्डेल गाडी चालवायला, मी शेजारी, मागे सहा वर्षांची पायपर आणि बोडी, आणि डिकीत आइस्क्रीमचा केक. वाटभर वेन्डेल मला माझ्याच व्हिसाचे नियम समजावून सांगत होता. फोनमधली नकाशावाली बाई मध्येमध्ये बोलायची, तिचा त्याला व्यत्यय व्हायला लागला म्हणून तिचा आवाज त्याने बंद केला. (आपण इथेच लहानाचे मोठे झालो, म्हणाला.) मग एक मोठी पाटी आली: कॅनडाच्या आधीचं शेवटचं वळण. ती मी वाचली, पायपरने वाचली, बोडीला वाचता येत नाही पण बोट त्यानेही दाखवलं. वेन्डेल तेव्हा सरहद्द ही मुळात एक कल्पनाच कशी असते ते सांगत होता. ते सांगून पूर्ण झालं तेव्हा आम्ही पुलावर होतो, डाव्या-उजव्या हाताला ट्रक होते, खाली नदी होती, आणि मागे वळायला सुईएवढी जागा नव्हती.

आत्या, मुदतवाढीच्या वर्षात, मागे सही नसलेला कागद आणि मेलेला व्हिसा घेऊन, नारिंगी टी-शर्ट घालून मी देश सोडून चालले होते, आणि वेन्डेल म्हणत होता, 'काही नाही गं, हे रोजचंच आहे इथे.'

आणि खरंच होतं रोजचंच. पलीकडच्या चौकीत लांब वेणीची एक तरुण अधिकारी होती, वेन्डेलचा चेहरा बघूनच तिने ओळखलं की हा रस्ता चुकलेला प्राणी आहे. असे दिवसातून पाच-सहा येतात म्हणे. एक चिठ्ठी देते, पुढून वळसा घ्या आणि परत जा, म्हणाली. वेन्डेलने गाडीचं लायसन्स दाखवलं. मग ती माझ्याकडे वळली आणि अगदी सहज म्हणाली, 'तुमच्याजवळ आहे का काही?'

आता तूच सांग. आपल्या माणसाला वर्दीतल्या माणसाने 'आहे का काही' विचारलं, तर एक कागद देऊन गप्प बसता येतं का? मी जन्मले एका देशात, बोलायला शिकले दुसऱ्या देशात, शाळेत गेले तिसऱ्या देशात, आणि या सगळ्या काळात आपलं घर एक वीतभरही हललं नाही, देशच नावं बदलत गेला. अशा माणसाने फाईल घेऊन फिरू नये तर काय घेऊन फिरावं? ती निळी फाईल आईने निघताना दिली तेव्हापासून माझ्या पिशवीत आहे, मी दूध आणायलासुद्धा ती घेऊन जाते. तर मी ती सगळी दिली. पासपोर्ट दिला, मुदतवाढीचा कागद दिला, जन्माचा दाखला आणि त्याचं शिक्क्याचं भाषांतर, शाळा सोडल्याचा, पोलिसांत नाव नसल्याचा, लसींचं पुस्तक, दातांचा एक्स-रे, आणि बाबांच्या मृत्यूचा दाखला. (तो आई म्हणाली असू दे, कुठे काय मागतील सांगता येत नाही.) प्रत्येकाच्या तीन तीन प्रती. खिडकीतून देता येईनात तेव्हा दोन हप्त्यांत दिल्या.

एक लायसन्स दाखवलं असतं तर चार मिनिटांत सुटलो असतो. पण एकदा कागद हातात आला की वर्दीवाल्याला तो वाचावा लागतो, आणि वाचला की त्यात संपलेला व्हिसा दिसतो, आणि दिसला की न दिसल्यासारखं करता येत नाही. 'जरा आत या,' म्हणाली बिचारी. आत आम्ही अडीच तास बसलो. कॅनडात यायला सर्बियाच्या माणसाला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, तो माझ्याकडे का नाही, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, कारण मला कॅनडात यायचंच नाही. मग आलात कशा? मी वेन्डेलकडे बोट दाखवलं. वेन्डेलची कल्पना सरहद्दीवर आल्यावर अगदी गप्प झाली होती. तेवढ्यात पायपर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, 'ही आमची नाहीये. हिला आम्ही कार्यक्रमातून आणलीय. हिचं वर्ष संपलं होतं, पण आम्ही परत घेतली.' लायब्ररीतल्या पुस्तकासारखी. बोडीने तिथल्या खुर्चीवर काय करायचं ते केलं. केक गाडीत वितळला. फक्त त्या वेणीवालीने बाबांचा दाखला बाजूला काढून, सरळ करून, पहिला मला परत दिला आणि 'सॉरी' म्हणाली. ते तिला कुणी शिकवलं नसावं, म्हणून लिहिते.

मग पुलाच्या अलीकडची, म्हणजे अमेरिकेची चौकी. इथे खरा प्रश्न. इथला अधिकारी म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, आतोबांसारखाच कंटाळलेला. त्याने माझा कागद उलटा केला, सही नव्हती. व्हिसा बघितला, मेलेला. मी मनात तुला, आईला आणि बाबांना एकेक मेणबत्ती लावली. तेव्हा तो म्हणाला की शेजारच्या देशात तीस दिवसांच्या आत जाऊन आलं तर संपलेला व्हिसा चालवून घेता येतो, असा एक नियम आहे. आणि त्याने घड्याळात बघितलं. तुम्ही परदेशात होता दोन तास चाळीस मिनिटं. पुढच्या वेळी सही घेऊन निघा. म्हणजे आत्या, माझे हक्काचे एकोणतीस दिवस त्या खुर्चीवर वाया गेले. मी लगेच विचारलं, सर्बिया शेजारी धरतात का? नाही धरत. मग मी म्हटलं, निदान एक शिक्का मारून द्या. कसला शिक्का? मी कुठे गेले नव्हते याचा. 'बाई,' तो म्हणाला, 'न गेल्याचा शिक्का नसतो.' ज्या देशात न गेल्याचा शिक्का मिळत नाही, त्या देशात माणसाने आपलं खरं सिद्ध करायचं तरी कसं? मी दहा मिनिटं भांडले. शेवटी त्याने स्वतःच्या पेनाने माझ्या फाईलवर तारीख लिहून दिली. नुसती तारीख.

त्या दिवसापासून कोरिनला अपराधी वाटायला लागलंय आणि तिने माझ्या लग्नाला जाण्याचा ध्यासच घेतलाय. भीक नको पण कुत्रं आवर अशी गत. डार्लीनला चार फोन केले, कागदावर सही मिळवली, मी त्यांना पोटच्या मुलीसारखी आहे असं पत्र लिहिलं, वेन्डेलच्या ओळखीचा वकील शोधला. (तो घरांच्या भांडणांचा वकील निघाला.) सगळं करून उत्तर एकच: गेले तर परत येण्याची कुणी खात्री देत नाही, आणि वर्ष अर्धवट टाकता येत नाही. त्यात कुणाचा दोष नाही. नियमच तसा आहे.

तेव्हा मिलूनच्या आईला, पेर्सिदा काकूंना माझा नमस्कार सांग आणि सांग की नेवेनाने जिवाचं रान केलं पण अमेरिका आडवी आली. मिलूनला आणि त्याच्या नवरीला कूमाचे आशीर्वाद. नवरीचा फोटो आईने पाठवला होता. चाचाक शहरातल्या दातांच्या डॉक्टरकडे काम करते म्हणे. दात छान आहेत.

गुडघ्याला जप, आतोबांना जपू नकोस, ते आपोआप टिकतात. घरातल्या सगळ्यांना, शेजारच्यांना आणि माझ्याबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या त्यांच्या लायकीप्रमाणे नमस्कार सांगणारी,

तुझी
नेवेना

ता. क. आता उठून कात्री आण आणि माझ्या सहीच्या खाली कापून घे. वरचा भाग पेर्सिदा काकूंच्या घरी सगळे जमले असताना मोठ्याने वाच. पोस्टात म्हाताऱ्यांना पत्रं वाचून दाखवायचीस तसा, सावकाश. पुलाच्या जागी जरा तोंड वेडंवाकडं कर, लोक हसले की तारखा विचारत नाहीत. हा खालचा तुकडा तुझा. वाचून झाला की चुलीत टाक, आणि आईला ताकास तूर लागू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. तू बोटं मोजून केव्हाच बसली असशील, तुझ्यापासून काय लपतं? मी चोवीस सप्टेंबरला आले होते, वाढवलेलं वर्षही चोवीस सप्टेंबरलाच संपतं. लग्न अकरा ऑक्टोबरला. डार्लीनचे ते सगळे नियम परत येणाऱ्यांसाठी आहेत, आणि मला परत यायचंच नाहीये. जाणाऱ्याला अमेरिकेने आजवर अडवलेलं नाही. परतीचं तिकीटसुद्धा एजन्सीच देते. पूल, फाईल, मिशीवाला, सगळं अक्षर न् अक्षर खरं आहे. कोरिनची धावपळ मात्र मी रचली. तिने एवढंच केलं की फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाली, 'अगं, तू तर तेव्हा घरीच असशील, किती छान!' मग विचारलं, तुला कसं वाटतंय. मी म्हटलं, छान. वर्ष संपल्यावर देशाबाहेर पाऊल न टाकता तीस दिवस राहायची मुभा असते. ते तीसच्या तीस दिवस मी वापरणार आहे. जुसारा आणि मी बसने पश्चिमेकडे चाललोय. लग्नाच्या त्या रविवारी मी कुठल्या तरी वाळवंटात बसच्या खिडकीशी असेन.

ता. क. तिसरा. का, ते तुला सांगायलाच हवं, कारण माझ्या जागी तुलाच उभं राहायचंय. तू बाबांची सख्खी बहीण, त्याच घरची. मेणबत्ती तुझ्या हातात आली तर गावात एक माणूस तोंड उघडू शकत नाही. तीन उन्हाळ्यांपूर्वी रास्पबेरी तोडून झाल्यावर, शीतगृहाच्या मागे, मी मिलूनला सांगितलं होतं. सगळं सांगितलं. म्हटलं, बाप्तिस्म्याचं पाणी म्हणजे रक्त नव्हे, एकाच पाद्र्याने नाही म्हटलं म्हणून जग संपत नाही, आपण बेलग्रेडला जाऊ, तिथे आपल्याला कोण ओळखतंय. त्याच्या हातात क्रेट होतं. ते त्याने खालीसुद्धा ठेवलं नाही. म्हणाला, 'नेवेना, आपण कूम आहोत. कूमांत लग्न होत नाही. नियम आहे तसा.' आणि क्रेट ट्रकमध्ये चढवायला गेला. त्या हिवाळ्यात मी एजन्सीचा फॉर्म भरला. आत्या, त्याच्या कानाजवळ मेणबत्ती धरून मला तासभर उभं राहवणार नाही. मी रडेन, आणि लोकांना वाटेल आनंदाने रडतेय, आणि ते मला सहन होणार नाही. पोरीवर माझा राग नाही. तिने काय केलंय? तू तेवढं हो म्हण. एवढंच मागायला हे दहा पानांचं पुराण लिहिलं.

ता. क. शेवटचा. तो विचारणार नाहीच. पण चर्चच्या दारात त्याने तुला एकटीला गाठून विचारलंच, की ती खरंच का नाही आली, तर मऊ होऊ नकोस. वरचा नियमांचा भाग त्याला पुन्हा एकदा वाचून दाखव. नियम म्हटलं की त्याला लगेच पटतं.